आठ शिक्के

मी छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली निम्मी मुंबईच्या जीपीओत. त्यामुळे कुठलंही पाकीट हातात आलं की माझी नजर पत्त्याआधी शिक्क्यावर जाते. तारीख उमटली आहे का, गावाचं नाव वाचता येतं का. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी खोड गेली नाही.

बाल्कनला, म्हणजे आग्नेय युरोपात, जायचं ठरलं तेही यातूनच. शाळेत असताना माझ्या तिकिटांच्या वहीत एक अख्खं पान युगोस्लावियाचं होतं. वडिलांकडून टिटो-नेहरू-नासर आणि युगोस्लावियाच्या राजधानीत, बेलग्रेडला, १९६१ला भरलेली अलिप्त देशांची परिषद ऐकलेली, म्हणून तो देश उगाच ओळखीचा वाटायचा. मी १९८७ला नोकरीला लागले तेव्हा परदेशी टपालाच्या यादीत ते नाव होतं. पाच-सहा वर्षांत त्या एका नावाच्या जागी पाच नावं आली. पुढे आणखी वाढली. तेव्हापासून मनात होतं की एकदा जाऊन बघायचं.

सोबतीला माझी नणंद. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला अजून ‘वन्सं’ म्हणते आणि ती मला ‘वहिनी’. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांच्या सहली चाळीस माणसांच्या, सकाळी उपमा, रात्री पनीर. आम्ही तिथल्या एका छोट्या कंपनीची बारा दिवसांची सहल घेतली. चौदा माणसं, एक मिनीबस, एक गाइड. मार्ग झाग्रेब, प्लिटविसे, स्प्लिट, मोस्तार, सारायेवो, झाब्ल्याक, कोटोर, दुब्रोवनिक. सप्टेंबर २०२५.

आता व्हिसाचं सांगते, कारण मला सगळे तेच विचारतात. या मार्गावर तीन देश आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. बोस्निया आणि मॉन्टेनेग्रो नाहीत, पण बहुप्रवेशी शेंगेन व्हिसा असला तर भारतीय पासपोर्टवर या दोन्ही देशांत वेगळा व्हिसा न काढता जाता येतं. म्हणजे क्रोएशियाचा एकच व्हिसा पुरतो. मेख त्या ‘बहुप्रवेशी’त आहे. तुम्ही क्रोएशियात शिरता, बोस्नियात जाताना बाहेर पडता आणि शेवटी दुब्रोवनिकसाठी पुन्हा शिरता. म्हणजे दोन प्रवेश.

एजंटाने भरून पाठवलेल्या अर्जात आमच्या दोघींच्या नावापुढे ‘एक प्रवेश’ या चौकोनात खूण होती. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, तुम्ही क्रोएशियालाच जाताय ना? मग बरोबर आहे.” मी म्हटलं, “अगं, शेवटचे दोन दिवस दुब्रोवनिकला आहेत. मॉन्टेनेग्रोतून तिथं कसं जायचं, पोहत?” तिने नकाशा उघडला असावा. थोड्या वेळाने अर्ज दुरुस्त होऊन आला. खात्यात असते तर मी लेखी खुलासा मागितला असता.

विम्याचीही तीच गत. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. ते आमच्या पॉलिसीत होतं, पण फक्त शेंगेन देशांपुरतं. आमचे पाच दिवस त्याच्या बाहेर जाणार होते, आणि मुख्य म्हणजे घाटांचे आणि दगडी पायऱ्यांचे दिवस तेच. पॉलिसी बदलून घेतली. व्हिसाची फी माणशी ९० युरो, केंद्राचे पैसे वेगळे. बोटांचे ठसे देताना वन्संचे ठसे उमटेचनात. चाळीस वर्षं भांडी घासून आणि भाकऱ्या थापून बोटं गुळगुळीत झालेली. तिथल्या मुलाने ओल्या कपड्याने बोटं पुसून चार-चारदा दाबायला लावली. वन्सं म्हणाल्या, “चोरी करायला अगदी योग्य बाई आहे मी.” सतराव्या दिवशी पासपोर्ट परत आले. प्रवेशांच्या रकान्यात रोमन लिपीतली ‘मल्ट’ ही चार अक्षरं बघितली आणि मगच चहा ठेवला.

इस्तंबूलमार्गे झाग्रेबला उतरलो आणि पहिला शिक्का मिळाला. शेंगेनचा शिक्का वाचायला शिका, फार शहाणा शिक्का आहे. आत येतानाचा सरळ चौकोनी, बाहेर जातानाचा गोलसर कोपऱ्यांचा. वर उजवीकडे विमान, मोटार, जहाज, आगगाडी यांपैकी एक बारीक चित्र, म्हणजे माणूस कसा आला तेही कळतं. आमच्यानंतर महिन्याभरात, १२ ऑक्टोबर २०२५ पासून, हे शिक्के टप्प्याटप्प्याने बंद करून चेहरा आणि बोटांचे ठसे संगणकावर नोंदवायला सुरुवात झाली. म्हणजे आम्ही अगदी शेवटच्या बटवड्यात होतो.

झाग्रेब आणि प्लिटविसेबद्दल फार सांगत नाही. प्लिटविसेची सोळा तळी फोटोत दिसतात तशीच हिरवीनिळी आहेत आणि लाकडी फळ्यांच्या वाटेवर गर्दी गणपतीतल्यासारखी आहे. स्प्लिट मात्र आवडलं. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इसवी सन ३०० च्या सुमारास निवृत्तीनंतर राहायला बांधलेला राजवाडा, आणि आज त्या राजवाड्यातच घरं, दुकानं, वाळत घातलेले कपडे. निवृत्तीचं घर म्हणून आम्हाला डोंबिवलीत वन बीएचके जमलं, असो.

स्प्लिटहून मोस्तारला जाताना पहिली जमिनीवरची सरहद्द. गाइडने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, पोलीस बसमध्ये चढला, चेहरे बघून गेला. क्रोएशियाचा गोल कोपऱ्यांचा शिक्का, वर मोटारीचं चित्र. शंभर-दीडशे पावलांवर बोस्नियाचा. एक तास गेला. गाइड सारायेवोचा, चाळिशीतला. म्हणाला, माझ्या आईकडे युगोस्लावियाचा लाल पासपोर्ट होता, त्यावर पूर्वेकडेही जाता यायचं आणि पश्चिमेकडेही. आणि ही सरहद्द तेव्हा नव्हतीच, इथं फक्त पेट्रोल पंप होता. नंतर बोस्नियाच्या लोकांना युरोपात विनाव्हिसा जायला डिसेंबर २०१० उजाडावा लागला. आमच्या कागदांच्या जाड फायलीकडे बघून तो म्हणाला, “ही फाइल मला ओळखीची आहे.”

मोस्तारचा पूल १५६६चा, तुर्की अमलातला. ९ नोव्हेंबर १९९३ला तोफांच्या माऱ्यात नेरेत्वा नदीत कोसळला आणि २००४ला पुन्हा उभा राहिला. दगड इतका गुळगुळीत की मधले आडवे उंचवटे नसते तर आम्ही दोघी बसूनच उतरलो असतो. कठड्यावर एक मुलगा चड्डीवर उभा, त्याचा जोडीदार टोपी फिरवत होता. पुरेसे पैसे जमल्याशिवाय तो काही उडी मारत नाही. आम्ही एक मार्क टाकला. बोस्नियाचं चलन मार्क, मूळ जर्मन मार्काशी बांधलेलं, आता एका युरोला १.९५५८३ असा पक्का दर. दोनाने भागा, हिशेब संपला.

पण मला मोस्तारमध्ये पाहायचं होतं ते वेगळंच. बोस्निया हा एक देश, पण त्याला टपाल खाती तीन आहेत. १९९५च्या डेटन कराराने युगोस्लाविया फुटल्यावर इथं पेटलेलं युद्ध थांबलं, देश एकच राहिला, कारभार वाटला गेला आणि टपालही. सारायेवोची बीएच पोश्ता, मोस्तारची क्रोएशियन पोश्ता आणि बान्या लुकाची पोश्ते स्रप्स्के. तिघांची तिकिटं वेगळी. त्यातली दोन खाती या एकाच गावात, नदीच्या दोन्ही बाजूंना. बाकीची मंडळी जेवायला गेली आणि मी वन्संना घेऊन निघाले. पूर्वेकडच्या पोस्टात एक कार्ड टाकलं, मग पश्चिमेकडे चालत जाऊन दुसरं. दोन्हीवर माझाच डोंबिवलीचा पत्ता. पश्चिमेच्या काउंटरवरच्या बाईंना मी खुणेने सांगितलं की मीसुद्धा टपालातली. त्यांनी माझ्यासमोर शिक्का मारून दाखवला, अगदी ठसठशीत, तिकिटाच्या कोपऱ्यावर जेवढा हवा तेवढाच. वाटेत काही इमारतींवर अजून गोळ्यांची भोकं आहेत. वन्संचे गुडघे दुखत होते तरी त्या बोलल्या नाहीत.

जेवणाचं मला वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. बोस्नियात ‘बुरेक’ म्हटलं की त्यात मांस असणारच, ते मागायचं नाही. शाकाहारी माणसाने तीन शब्द पाठ करावेत: सिर्नित्सा म्हणजे चीजची, झेल्यानित्सा म्हणजे पालकाची आणि क्रोम्पिरुशा म्हणजे बटाट्याची. वन्संनी सारायेवोत दोन दिवस क्रोम्पिरुशा आणि सोबतची लसणीची चटणी खाल्ली. तिथं दुकानाला ‘दुचान’ म्हणतात, साबणाला ‘सापुन’, तोफेला ‘तोप’. तुर्कांबरोबर तिकडे गेलेले आणि आपल्याकडे आलेले शब्द. सुट्या पैशांना ‘कुसुर’. वन्संनी दुकानदाराला ‘कुसुर’ ठेवून घ्यायला सांगितलं आणि स्वतःवरच खूश झाल्या.

सारायेवोत लॅटिन पुलाशेजारी, जिथं २८ जून १९१४ला ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडली गेली आणि त्यातून पहिलं महायुद्ध पेटलं, तिथं सगळे थांबतात. आम्हीही थांबलो. गाइडला मात्र पुढं न्यायची घाई होती. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, १,४२५ दिवस शहराला वेढा होता, आणि तो तेव्हा शाळेत होता. विमानतळाखालून १९९३ला खणलेल्या सुमारे ८०० मीटरच्या बोगद्याचा एक छोटा तुकडा आता बघता येतो. वाकूनच जावं लागतं. आत गेल्यावर तो बोलला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, यातून बटाटे यायचे. वन्संनी दोन दिवस त्याच बटाट्याची क्रोम्पिरुशा हसत खाल्ली होती. त्या दिवशी दुपारी त्यांनी फक्त कॉफी घेतली.

मिल्यात्स्का नदीच्या काठावर सारायेवोचं मुख्य पोस्ट ऑफिस आहे, १९१३चं. आपल्या जीपीओचा घुमट १९१३चाच, त्यामुळे मी दारातच थबकले. १९९२च्या मे महिन्यात ते जळलं आणि शहराचे टेलिफोन त्यासोबत गेले. आता पुन्हा उभं आहे, आत उंच छत आणि लाकडी खिडक्या. गाइडने तिथं एक गोष्ट सांगितली, शहरात सगळ्यांना पाठ आहे म्हणे. युद्धाच्या तोंडावर कोणीतरी पोस्टाच्या भिंतीवर लिहिलं, ‘हे सर्बिया आहे.’ दुसऱ्या दिवशी खाली कोणीतरी लिहिलेलं, ‘मूर्खांनो, हे पोस्ट ऑफिस आहे.’ मी इतक्या मोठ्याने हसले की काउंटरवरच्या रांगेने वळून पाहिलं.

सारायेवोहून मॉन्टेनेग्रोकडे जाणारा फोचाचा रस्ता अरुंद आहे. फोचात सिरिलिक लिपीतल्या पाटीचं, त्या तिसऱ्या खात्याचं पोस्ट दिसलं. बस थांबवा म्हटलं, ड्रायव्हरने मान हलवली. पुढे हूमच्या नाक्यावर एका वेळी एकच गाडी जाईल असा पूल. खाली तारा आणि पिवा या नद्या मिळतात आणि तिथून द्रिना सुरू होते. पलीकडे गेल्यावर पिवाची दरी लागते. रस्ता खडकात कोरलेल्या बोगद्यांतून जातो आणि खाली २२० मीटर उंचीचं धरण दिसतं. मग दुर्मितोरचे डोंगर. सेद्लो खिंड १,९०७ मीटर. रस्ता एका गाडीचा, समोरून दुसरी आली की आपला ड्रायव्हर मागे घेणार. वरंधा घाटात बसलेली माणसं आम्ही, तरी वन्संनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. बसमधल्या डच बाईने विचारलं, ही प्रार्थना कशाची? मी म्हटलं, ब्रेकची.

झाब्ल्याकला सप्टेंबरातच बोटं गारठतात. तिथं मक्याच्या पिठाचा काचामाक मिळाला, वरून वितळलेलं चीज. उकडच ती, फक्त पचायला जड. दुसऱ्या दिवशी तारा नदीवरचा १७२ मीटर उंच कमानींचा पूल पाहिला, १९४०चा. दोनच वर्षांनी, इटालियन फौजांना अडवायला, तो बांधण्यात असलेल्या इंजिनियरच्याच मदतीने त्याची एक कमान उडवली गेली. त्या इंजिनियरला, लाझार याउकोविचला, पुढे इटालियनांनी गोळ्या घातल्या.

कोटोरच्या किल्ल्याला १,३५० पायऱ्या. आम्ही मधल्या देवळापर्यंत गेलो आणि तिथल्या मांजरांबरोबर बसलो. मॉन्टेनेग्रो युरोपीय संघात नसूनही तिथं युरोच चालतो, म्हणजे सुटे पैसे पुन्हा कामाला आले. शौचालयासाठी नाणी जवळ ठेवाच.

देबेली ब्रिएगच्या सरहद्दीवर दोन तास रांग. हाच आमचा दुसरा प्रवेश. पोलीस बाईने माझा पासपोर्ट उलटापालटा केला, शिक्के मोजले, व्हिसाच्या पानावर बोट ठेवून ती चार अक्षरं वाचली. मला त्या एजंटच्या चौकोनातली खूण आठवली. मग शिक्का पडला, चौकोनी, मोटारीचा.

दुब्रोवनिकची तटबंदी १,९४० मीटर आहे आणि तिकीट तेव्हा ४० युरो होतं. वन्संनी खाली सावलीत बसून ४० युरो वाचवले. गावाचा रक्षक संत व्लाहो. त्याच संताच्या नावाचं साव ब्रासचं चर्च आपल्या गोव्यात जुन्या गोव्याजवळ आहे, आणि ते सोळाव्या शतकात इथल्याच व्यापाऱ्यांनी बांधलं असं म्हणतात. मी तिथं दोनदा गेले आहे, तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं. विमानतळावर आठवा शिक्का मिळाला, विमानाचा. तो पासपोर्ट आता मी तिकिटांच्या वहीशेजारी ठेवते.

घरी आल्यावर तेविसाव्या दिवशी दोन्ही कार्डं एकाच वेळी आली, एका रबरबँडमध्ये. बटवड्याचा पोरगा ओळखीचा आहे. म्हणाला, “मॅडम, नाव एकाच देशाचं आणि तिकिटांवर खाती वेगळी, हे कसं?” त्याला पाणी दिलं आणि कार्डं उजेडात धरली. पश्चिमेकडच्या बाईंचा शिक्का अजून ठसठशीत होता. पूर्वेकडच्याची तारीख पुसट, भिंग लावूनही वाचता येईना. आमच्या खात्यात त्याला मेमो मिळाला असता.