पॅकेट हरवलं नव्हतं, उशिरा आलं होतं

तक्रार एका ओळीची होती: "साहेब, त्यांचा आवाज नीट येतो, माझा तुटतो." तक्रार करणारे मराठवाड्यात शिवारात पीक पंचनामे करतात. कॉल आमच्या ॲपवरून, मोबाइल डेटावर. गट नंबर 'दोनशे चौदा'तला 'दोनशे' गळला की पंचनामा दुसऱ्याच्या शेतावर चढतो, म्हणून हे प्रकरण मला साधं वाटत नव्हतं.

कॉलच्या अहवालात पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवलेले आवाजाचे तुकडे, 0.4 टक्के. एवढ्याने कानाला काही जाणवत नाही. नेटवर्कवाल्यांनी स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवला: डाउनलोड 18 एमबीपीएस. आवाजाच्या बाबतीत हा आकडा कामाचा नाही, हे दर वेळी पटवून द्यावं लागतं याचा राग येतो. जी.711 या कोडेकला (आवाज आकड्यांत बांधायची पद्धत) हेडर, म्हणजे प्रत्येक पॅकेटावरचा पत्ता, धरून एका दिशेला 80 केबीपीएस लागतात, 24 केबीपीएसवर ठेवलेल्या ओपस या कोडेकला त्याच्या निम्मे. दर 20 मिलिसेकंदांनी निघालेली पॅकेटं त्याच लयीत पोचतात का, एवढंच बघायचं असतं.

शेवटी सर्व्हरवर वायरशार्क, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं टिपणारं साधन, लावलं. आरटीपीचे, म्हणजे आवाजाच्या पॅकेटांवरचे, क्रमांक जवळजवळ सलग होते. पण वेळा पाहिल्या तर 700 मिलिसेकंद शुकशुकाट, आणि मग एकदम 35 पॅकेटांचा गठ्ठा. आमचा जिटर बफर, म्हणजे मागेपुढे आलेली पॅकेटं थोडी थांबवून लयीत सोडणारा साठा, 60 मिलिसेकंदांवर बांधलेला. त्याने बहुतेक पॅकेटं उशीर झाला म्हणून फेकली. साधा आरटीसीपी अहवाल (कॉलच्या दर्जाचे आकडे देणारा) मात्र अशी पॅकेटं 'मिळाली' म्हणूनच मोजतो. फेकलेल्यांचा आकडा त्याच्या विस्तारित प्रकारात, आरटीसीपी-एक्सआरमध्ये मिळतो, आणि ते आमच्याकडे बंद होतं. चार दिवस आम्ही भलताच आकडा वाचत बसलो.

आवाज साधारण मिनिटभर तुटायचा आणि आपोआप सुधारायचा. तिथे धागा सापडला. टॉवरपासून लांब, अपलिंक (फोनकडून टॉवरकडे जाणारी वाट) 500 केबीपीएस, फोटो 4 एमबीचा: 64 सेकंद. पंचनाम्याचं ॲप वेगळ्या कंपनीचं, ते कॉल चालू असतानाच फोटो चढवत होतं. फोनच्या रांगेत फोटो पुढे, आवाज मागे, आणि टॉवर जागा देईल तशी रांग गठ्ठ्यागठ्ठ्याने सुटत होती. एकाला कॉलवर असताना मुद्दाम फोटो पाठवायला सांगितला. पिंग, म्हणजे पॅकेटाला जाऊन यायला लागणारा वेळ, 70 मिलिसेकंदांवरून 1300 वर गेलं, फोटो संपताच पुन्हा 70.

त्या कंपनीने कॉल चालू असताना अपलोड थांबवायचं दोन दिवसांत मान्य केलं. आम्ही ओपस 16 केबीपीएसवर आणलं आणि पॅकेट 40 मिलिसेकंदांचं केलं. हेडर 40 बाइटचं, सेकंदाला 50 पॅकेटं म्हणजे नुसत्या हेडरलाच 16 केबीपीएस. 25 पॅकेटांत ते 8 वर येतं. 60 पर्यंत गेलो नाही, कारण मग एक पॅकेट गेलं की अख्खं अक्षर जातं. एफईसी (हरवलेलं पॅकेट पुढच्यातून सावरता यावं म्हणून जादा माहिती भरणं) आधीपासून चालू होतं, पण आवाज बांधणाऱ्या एन्कोडरला अपेक्षित लॉस शून्य सांगितलेला, त्यामुळे तो जादा माहिती भरतच नव्हता. तो लॉस 10 टक्के केला. जिटर बफर 60 ते 240 असा लवचीक ठेवला. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.114 शिफारशीप्रमाणे एकतर्फी विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, हे ठाऊक असूनही. उशिरा ऐकू आलेला गट नंबर चालतो, अर्धवट ऐकू आलेला नाही.

व्होल्टीच्या, म्हणजे 4जीवरच्या नेहमीच्या फोन कॉलला नेटवर्क वेगळा बेअरर, म्हणजे राखीव वाट, देतं. आमचा आवाज इतर डेटाबरोबरच धावतो. पॅकेटांवर डीएससीपी 46, म्हणजे 'याला आधी सोडा' अशी खूण, लावूनही शिवारातल्या त्या अपलिंकवर फरक पडला नाही. मागच्या आठवड्यात एका फोनवर पुन्हा तेच 700 मिलिसेकंद दिसले. या वेळी गॅलरीचा बॅकअप चालू होता, आणि तो आमच्या ॲपला थांबवता येत नाही.