२५ जणांच्या जागेत ४२

२५ जणांच्या वॉर्डात ४२. सकाळपासून हाच आकडा डोक्यात घोळतोय.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं होल्योक सोल्जर्स होम, म्हणजे माजी सैनिकांचं शुश्रूषागृह. २७ मार्च २०२०. स्टाफ पुरत नाही म्हणून स्मृतिभ्रंशाचे दोन वॉर्ड एकत्र केले. कोविड झालेले, न झालेले माजी सैनिक एकाच ठिकाणी. काहींचे पलंग चक्क जेवणाच्या खोलीत. त्या साथीत तिथले किमान ७६ जण गेले.

खापर विषाणूवर फोडणं सोपं. पण माणसं आधीपासूनच कमी होती, आणि प्रमुखाच्या गाठीशी अशी संस्था चालवायचा अनुभव नव्हता. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला 'खोलीतच बसा' सांगून भागत नाही, तो फिरतोच. त्याला ओळखीची नर्स लागते. डबल ड्युटीला ओढून आणलेली नवखी नव्हे.

घरच्या कुणाला अशा ठिकाणी ठेवताना आपण खोली बघतो, बाथरूम बघतो. रात्रपाळीचा तक्ता कुणी मागतं का?