तंगाखाली दोन बोटं

दोन वर्षांपूर्वी एका किनाऱ्यावर मुलीला घोड्यावर बसवलं होतं. हेल्मेट नाही, विचारपूस नाही. पैसे घेतले, तिला उचलून वर ठेवलं आणि पन्नासेक पावलांवर खोगीर तिच्यासकट एका बाजूला घसरलं. खाली ओली वाळू होती म्हणून खरचटण्यावर निभावलं. पण तेव्हापासून वरातीतला घोडा दिसला तरी ती माझा हात घट्ट धरायची. शिगम्यातला घोडेमोडणीचा नाच मात्र तिला फार आवडतो. तिथले घोडे लाकडाचे, नाचणाऱ्यांच्या कमरेला बांधलेले.

यंदा डिसेंबरात गोव्यात वाळपईच्या पलीकडे, डोंगरपायथ्याच्या एका छोट्या तबेल्यात जायचं ठरवलं तेव्हा मी आधी फोनवरच सगळं विचारून घ्यायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. मुलीचं वय, उंची, आधी कधी पडली आहे का, आणि आम्हा तिघांची वजनं. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार ते चढवत नाहीत, तोही खोगीर धरून. म्हणजे ३७५ किलोच्या घोड्यावर ७५ किलो. ह्यांचं वजन ९२, त्यामुळे "दादा आमच्याबरोबर चालत येतील" हे तिथेच ठरलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा माणूस भेटला आणि माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी सातला पोहोचलो. वाट दाखवायला येणारे काका कोल्हापूरकडचे, सारी हयात घोड्यांत गेलेले. त्यांनी बसवायची घाई केलीच नाही. मुलीच्या हातात खरारा दिला. "बाळ, मागून जायचं नाही. तिला थेट पाठीमागचं दिसत नाही, अगदी नाकासमोरचंही नाही. खांद्याकडून ये, बोलत बोलत ये." घोडी तांबूस, शांत. मुलगी अर्धा तास तिची मान, खांदा, पोट घासत राहिली. सुरुवातीला हात लांब करून, मग कधी अंगाला अंग लागलं ते तिलाही कळलं नाही. तळवा सपाट ठेवून, अंगठा चिकटवून गाजर भरवलं.

मग खोगीर चढलं. तंग, म्हणजे खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा, आवळताना काकांनी मला जवळ बोलावलं. "ताई, पोट बघा. फुगवलंय तिनं. आत्ता घट्ट वाटतोय, चार पावलं चालली की सैल पडणार." दहा मिनिटं घोडीला हातात धरून फिरवली आणि खरंच, तंगाखाली माझी अख्खी मूठ गेली. काकांनी आणखी दोन भोकं आवळला. "आता दोन बोटं जातात, एवढंच पाहिजे."

किनाऱ्यावर असंच झालं असणार. तंग एकदा आवळला, पुन्हा कुणी बघितलाच नाही. मी मुलीला तिथेच उभं राहून हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला नीट बसता आलं नाही म्हणून नव्हतं?" दोन वर्षं हे तिच्या मनात होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मला बोलवेना. मी नुसता तिच्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा नीट केला.

ती डावीकडून चढली. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, फक्त चवडा, टाच खाली. पायात बंद, थोड्या टाचेचे बूटच हवेत, कारण सपाट चप्पल रिकिबीतून आरपार सरकते आणि पडलं तर पाय अडकून माणूस फरपटतो. मुलांना नेणाऱ्यांनी एवढं तरी पाहावंच. काकांच्या हातात दोर, मागच्या घोड्यावर मी, बाजूने हे चालत. काजूच्या बागेतून वर, मग सड्यावर, उघड्या कातळावर. जांभ्यावर नाल वाजायला लागले तशी मुलगी एकदम ताठ बसली. चढाला जरा पुढे, उताराला मागे रेलायचं, हे काकांनी दोनदाच सांगितलं. तिसऱ्या उताराला ती आपोआप मागे झाली.

ओहोळापाशी उतरलो. घोड्या पाणी प्यायल्या, आम्ही भाकरी खाल्ली. परत निघताना काका रिकीब धरून उभे राहिले, पण मुलगी चढेना. तिने तंगाखाली दोन बोटं घातली, मग तिसरंही गेलं.

"काका, एक भोक आवळा."

काकांनी आवळला.