वॉट कमी पडतात म्हणून झाकण उघडलं, आणि मग दोन आठवडे काही बंद झालं नाही (माझा अनुभव)

सुरुवात एका वाक्यानं झाली. रात्रीच्या नेटवर (आम्ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, ठरल्या वेळी हवेत भेटतो ते नेट) मी माझा कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं रेडिओ-नाव, दिला आणि आमच्यातले एक सीनियर हॅम, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, ते म्हणाले, "लेका, आवाज फाटतोय तुझा. आणि टोन मधेच सुटतोय, रिपीटर बंद पडतोय तुझ्या बोलण्यात." (रिपीटर म्हणजे आपलं बोलणं पकडून जोरात पुढं पाठवणारं स्टेशन; आवाजाखाली ठरलेला बारीक टोन असेल तरच तो उघडतो.) खरं सांगायचं तर मला रागच आला, कारण त्याच आठवड्यात मी तो रेडिओ स्वतः "सेट" केला होता.

रेडिओ म्हणजे जुना व्हीएचएफ मोबाईल सेट, गाडीत बसवतात तसला, २५ वॉटचा. कुठल्यातरी कंपनीच्या गाड्यांतून निघालेला, एका हॅम मित्राकडून मला मिळाला. हे सेट १५० मेगाहर्ट्झच्या वर चालवायला लावलेले असतात, आपला हॅमचा दोन मीटर बँड १४४ ते १४६, त्यामुळे प्रोग्रॅमिंग करून खाली आणावे लागतात. प्रोग्रॅमिंग मित्रानंच करून दिलं. मग कुणीतरी म्हणालं आवाज बारीक येतो, तर मी झाकण उघडून डेव्हिएशनचा (आवाज किती मोठा जातो त्याचा) प्रीसेट, म्हणजे आतला बारीक स्क्रू, थोडा फिरवला. कानावर. "आता कसा येतोय? आता? अजून थोडा?" असं विचारत विचारत. हे वाचून जे हसतायत त्यांनी हसावं.

आणि हौस म्हणून नाही हं हे सगळं. आम्ही सांगलीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथं धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या भागातली लाइट गेली, मग मोबाईलही गप्प झाले, आणि त्यानंतरच मी परीक्षेला बसलो, डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याचं) लायसन्स काढलं. त्यामुळे पावसाळ्याआधी सेट धड असला पाहिजे एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "कशात ट्रान्समिट करून बघतोयस?" मी म्हटलं डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) आहे की, स्वतः बनवलाय. १ किलोओहमचे २ वॉटवाले वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम होतात, ते तुपाच्या रिकाम्या डब्यात ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये बुडवलेले, मला तर फार अभिमान होता त्या डब्याचा. काका म्हणाले, "ते डबडं ७ मेगाहर्ट्झला चालेल. १४५ ला त्या रेझिस्टरच्या तारासुद्धा कॉइलसारख्या वागतात, तुला ५० ओहम दिसणारच नाहीत, मग वॉटमीटर काय खरं सांगणार?" आणि संध्याकाळी त्यांनी आपला पंख्यांच्या पात्यांसारख्या फिन असलेला लोड, वॉटमीटर आणि जीपीएसवर चालणारा १० मेगाहर्ट्झचा रेफरन्स (अचूक फ्रिक्वेन्सी देणारा डबा) असं सगळं पिशवीत घालून दिलं. वर बजावलं, "आधी मोजायचं, लिहायचं. मग हात लावायचा. पॉवरला सगळ्यात शेवटी."

मी अर्थातच पॉवरपासून सुरू केलं.

मीटरवर १४ वॉट. सेट २५ चा. मॅन्युअलची पीडीएफ उघडली, पॉवरचा प्रीसेट शोधला, फिरवला, १६ झाले, अजून फिरवला तर वाढेना, आणि मागचं हीट सिंक मात्र हात ठेववत नाही इतकं तापलं. वाटलं फायनलचा मॉड्यूल (पॉवर वाढवणारा शेवटचा भाग) गेला. त्या रात्री नीट झोपसुद्धा लागली नाही कारण ते मॉड्यूल आता कुठं मिळतात. सकाळी सहज म्हणून पीटीटी (बोलायचं बटण) दाबून धरलं आणि मल्टिमीटर सप्लायवर लावला तर १३.८ व्होल्ट बरोबर, आणि रेडिओच्या मागच्या कनेक्टरवर लावला तर ११.७! मधे दोन व्होल्ट कुठं गेले? वायरवरून बोट फिरवत गेलो आणि फ्यूज होल्डरला चटका बसला. पाच अँपिअरला दोन व्होल्ट म्हणजे दहा वॉट त्या एवढ्याशा होल्डरमध्ये आणि बारीक वायरमध्ये जळत होते. आतली स्प्रिंग हिरवी पडलेली. नवीन होल्डर, जाड वायर, दोन्ही टोकं सोल्डर, बास. प्रीसेट जिथं होता तिथं परत आणला तर २३ वॉट. मॉड्यूलला काही झालंच नव्हतं. मग मुकाट्यानं वहीत पहिली ओळ लिहिली: ट्रान्समिट चालू असताना रेडिओच्या टोकाला व्होल्टेज.

मग फ्रिक्वेन्सी. माझ्याकडे फ्रिक्वेन्सी मोजणारा स्वस्तातला काउंटर आहे, त्यावर मी आधीच १४५.५०० अगदी शून्याशून्यापर्यंत जुळवून ठेवली होती, त्यामुळे हे काम झालंय अशी माझी समजूत. काकांचा रेफरन्स काउंटरला लावला. काउंटर म्हणतो १०,०००,०४२ हर्ट्झ. म्हणजे खोटं बोलणारा काउंटर होता, ४.२ पीपीएमनं (दहा लाखात ४.२ नं) जास्त दाखवत होता, आणि त्याच्या नादी लागून मी चांगला असलेला सेट ६११ हर्ट्झ खाली आणून ठेवला होता. १४५ मेगाहर्ट्झला एक पीपीएम म्हणजे १४५ हर्ट्झ, हिशोब साधा आहे, फक्त काउंटरलाही कुणीतरी तपासायचं असतं हे सुचलं नव्हतं.

मग काउंटर अर्धा तास गरम होऊ दिला, रेडिओ पण पंधरा मिनिटं नुसता ऐकायला चालू ठेवला, आणि सेटमधल्या रेफरन्स ऑसिलेटरचा ट्रिमर हळूच फिरवायला लागलो. आकडा स्थिरच राहीना. चाळीस हर्ट्झ वर, परत खाली, परत वर. चांगली वीस मिनिटं गेल्यावर लक्षात आलं की डोक्यावरचा पंखा फिरतोय आणि उघड्या बोर्डवरच्या क्रिस्टलला वारा लागतोय. एप्रिलची सांगली, रात्री अकरा वाजता पंखा बंद करून बसलो. घामाचा थेंब बोर्डवर पडू नये म्हणून गळ्यात टॉवेल. बायको दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही. पण आकडा थांबला, आणि १५ हर्ट्झच्या आत बसला.

टोन का सुटतो याच्या आधी आणखी एक भानगड होती. दुपारी कधीकधी पीटीटी दाबलं की सेट नुसता बीप बीप करायचा, ट्रान्समिटच करायचा नाही. हे पीएलएल (फ्रिक्वेन्सी जागेवर धरून ठेवणारं सर्किट) लॉक सुटण्याचं लक्षण. रिपीटरसाठी आपण ट्रान्समिट ६०० किलोहर्ट्झ खाली करतो, आणि माझा सेट मुळात १५० च्या वरचा, म्हणजे व्हीसीओ (व्होल्टेजनं फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) बिचारा आपल्या पट्ट्याच्या अगदी तळाशी चालत होता. टेस्ट पॉइंटवर कंट्रोल व्होल्टेज मोजलं तर ०.९. उन्हानं सेट तापला की तेवढंही पुरत नव्हतं. व्हीसीओच्या कॉइलमधला फेराइटचा स्लग (आतला गाभा) फिरवून ते वर आणायचं. मी घेतला घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर. स्क्रूड्रायव्हर आत असताना २.५ व्होल्ट, बाहेर काढला की १.४. परत आत, परत २.५. लोखंडाचं टोकच कॉइलला बदलत होतं. दोनतीनदा असं झाल्यावर चिडून जरा जोर लावला आणि स्लगच्या खाचेचा एक कपचा उडाला. अख्खा नाही फुटला हे नशीब. आईच्या विणकामाच्या डब्यातून एक प्लास्टिकची सुई मागून घेतली, तिचं टोक कानशीनं चपटं केलं, आणि त्या सुईनं पाच मिनिटांत काम झालं. ती सुई आता माझ्या टूलबॉक्समध्ये आहे, आईला "देतो परत" असं सांगितलंय.

आता मुख्य गोष्ट, डेव्हिएशन. एफएममध्ये आवाज वाढवला की कॅरियर (मूळ रेडिओ लहर) जास्त लांबपर्यंत डावीउजवीकडे झुलतो, तो किती झुलतो ते डेव्हिएशन. आमच्या रिपीटरला जास्तीत जास्त ५ किलोहर्ट्झ चालतं, त्यापुढं गेलं की समोरच्याच्या फिल्टरमध्ये मावत नाही आणि आवाज फाटतो. मोजायला सर्व्हिस मॉनिटर लागतो, जो माझ्या बापजन्मात घेणं होणार नाही. मी काकांना तसं म्हटलं तर ते हसले, "मॉनिटर कशाला? बेसल नल कर. गणित फुकट आहे."

गंमत अशी आहे. कॅरियरवर एकच स्वच्छ टोन सोडला आणि डेव्हिएशन हळूहळू वाढवत नेलं की एका ठिकाणी मधला कॅरियर चक्क नाहीसा होतो (हाच बेसल नल), सगळी शक्ती बाजूच्या दांड्यांत जाते. हे पहिल्यांदा होतं तेव्हा डेव्हिएशन भागिले टोन बरोबर २.४०५ असतं. म्हणजे ५ किलोहर्ट्झ हवं असेल तर टोन २०७९ हर्ट्झचा द्यायचा आणि कॅरियर गायब होईपर्यंत प्रीसेट फिरवायचा. बाकी कुठलंही मीटर लागत नाही, फक्त कॅरियर दिसला पाहिजे, आणि ते काम माझा एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रिसीव्हर, सिग्नल स्क्रीनवर दांड्यांसारखे दाखवणारा) करतो.

पहिल्यांदा डोंगल त्याच टेबलावर ठेवला, स्क्रीनवर नुसतं जंगल. डमी लोड असला तरी २३ वॉट शेजारी आहेत, डोंगल बुडून गेला होता. मग लॅपटॉप आतल्या खोलीत नेला, अँटेना काढून टाकली, गेन तळाशी आणला, आणि पॉवर लो केली. स्क्रीन इतकी झूम केली की दोन किलोहर्ट्झवरच्या दांड्या सुट्ट्या दिसतील. फोनवर टोन जनरेटरचं अॅप, त्याची वायर दोन रेझिस्टरमधून कमी करून माइकच्या पिनवर.

आधी माझं कानानं केलेलं सेटिंग किती आहे ते बघावं म्हटलं. प्रीसेटला हात न लावता टोनच वाढवत गेलो, कॅरियर गायब झाला ३००० हर्ट्झच्या आसपास. गुणिले २.४०५. सात किलोहर्ट्झच्या वर! आणि मी नेटवर रागावलो होतो.

मग टोन २०७९ वर, लेव्हल भरपूर, म्हणजे लिमिटर (आवाज ठरावीक उंचीपुढं जाऊ न देणारं सर्किट) पूर्ण दाबला जाईल अशी. (लिमिटर टोन कापतो, मग तो स्वच्छ कसा राहील असा प्रश्न मला पडला होता. लिमिटरच्या पुढं ३ किलोहर्ट्झच्या आसपास कापणारा फिल्टर असतो, २०७९ चा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सी) ६ किलोहर्ट्झच्या वर, तो तिथंच अडतो.) प्रीसेट आधी पूर्ण खाली, कारण काकांनी दोनदा सांगितलं होतं की खालून वर यायचं, कॅरियर पुढंही परत परत गायब होतो आणि वरून आलास तर भलत्याच नलवर बसशील. एका हातात प्रीसेट, पण स्क्रीन आतल्या खोलीत, म्हणून मुलाला लॅपटॉपपाशी बसवलं. "बाबा, मधला कमी होतोय... कमी... अजून... गेला! आला परत. मागं घ्या. गेला!" नववीतला पोरगा, इतर वेळी माझ्या रेडिओकडं ढुंकून बघत नाही. मधली दांडी खरंच नव्हती. दोन्हीकडं उंच मनोरे आणि मधे खड्डा. नंतर टोन बंद केला तर दांडी परत जागेवर. मी ते चारपाच वेळा उगाच केलं.

उरला रिपीटरचा टोन, सीटीसीएसएस. तो पाहिजे साधारण ६०० हर्ट्झ डेव्हिएशनला, पण इतक्या खालच्या टोनला असा नल पकडता येत नाही. म्हणून तात्पुरता १००० हर्ट्झचा टोन देऊन, लेव्हल कमीजास्त करत कॅरियर गायब केला, म्हणजे डेव्हिएशन २४०५ झालं. त्या वेळी डोंगलच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची लेव्हल लिहून घेतली, डीएम्फसिस (वरचे सूर कमी करणारा फिल्टर) बंद ठेवून, नाहीतर खालचा टोन खोटाच मोठा दिसतो. ६०० म्हणजे त्याचा चौथा भाग, १२ डीबी खाली. टोनचा प्रीसेट तेवढ्यावर आणला. माझा टोन त्याआधी जेमतेम ३०० ला होता, वर आवाज सातच्या पलीकडं, रिपीटरला तो ऐकू येणार कुठून. मग टोन चालू ठेवून एकूण डेव्हिएशन परत पाचच्या आत घेतलं, कारण दोन्हींची बेरीज होते.

हार्मोनिक बघताना एकदा घाबरलो, २९१ मेगाहर्ट्झला (दुप्पट फ्रिक्वेन्सीला) मोठी दांडी. पण मधे १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावला तर ती २० नं खाली गेली, म्हणजे ती रेडिओतून येतच नव्हती, डोंगल स्वतःच बनवत होता. खरी असती तर १० नंच उतरली असती.

शेवटी प्रत्येक ट्रिमरवर नेलपॉलिशचा थेंब, हलू नये म्हणून. बायकोची मरून रंगाची बाटली, विचारून घेतली. झाकणाच्या आत आकड्यांची चिठ्ठी चिकटवली: तारीख, व्होल्टेज, वॉट, फ्रिक्वेन्सी, डेव्हिएशन, टोन.

त्या रात्री नेटवर कॉलसाइन दिला. काका म्हणाले, "आवाज बसला आता. पण जरा बारीक येतोय रे."

मी म्हटलं, "काका, माइक तोंडाजवळ घेतो."