कढीपत्त्याची डहाळी आणि तरंगमबाडीचे डॉक्टर

बारावीच्या जीवशास्त्र प्रात्यक्षिकाला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक म्हणून जायचं म्हणजे दिवसभर तेच ते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडायची, कोपरखैरण्याला उतरायचं, सह्या-शिक्के, जर्नल्सचा ढीग, आणि मग एकामागून एक घाबरलेले चेहरे. मुलं पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवतात, आपण गुण मांडत जातो. या फेब्रुवारीत मात्र दुपारच्या बॅचला जे घडलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

तोंडीच्या टेबलावर कढीपत्त्याची एक डहाळी ठेवायची माझी सवय आहे. पान उजेडासमोर धरायला सांगते. हिरव्या पात्यात टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी. लिंबाच्या कुळाची ही खूण. मग शास्त्रीय नाव विचारते. ‘मुराया कोनिगी’ बऱ्याच जणांना येतं. शेवटी विचारते, हा कोनिगी कोण? हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही, त्याला गुणही नाहीत. मुलं ओशाळून हसतात आणि आपण पुढच्या नंबरला बोलावतो.

ती मुलगी हसली नाही. म्हणाली, “मॅडम, योहान गेरहार्ड कोनिग. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसचे विद्यार्थी. १७६८ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला आले, लुथरन मिशनचे, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या ख्रिस्ती पंथाच्या मिशनचे डॉक्टर म्हणून.” आणि मी काही बोलायच्या आत, “रॉटलरचं पण सांगू?”

इंटर्नल मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मी म्हटलं, सांग.

रॉटलर हे त्याच मिशनचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. १७७६ मध्ये आले आणि १८३६ मध्ये मद्रासेतच वारले. उपासना चालवायची, वनस्पती गोळा करून वाळवून युरोपातल्या अभ्यासकांना पाठवायच्या, आणि उतारवयात तमिळ-इंग्रजी कोश रचायचा, असं ते आयुष्य. आपल्या येऊरच्या जंगलात शेंद्रीची झाडं आहेत. फळांवर लाल भुकटी असते, ती बोटाला लागली की लवकर निघत नाही. रेशीम रंगवायला ती वापरत. त्या झाडाला वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने या रॉटलरांच्या सन्मानार्थ ‘रॉटलेरा’ नाव दिलं होतं. पुढे वर्गीकरण बदललं आणि नाव गेलं. शेंद्री मी दरवर्षी मुलांना दाखवते. तिच्यामागचा माणूस मला या सतरा वर्षांच्या मुलीने दाखवला.

“हे तुला कुठून कळलं गं?”

“आम्ही लुथरन आहोत, मॅडम. कन्फर्मेशनच्या, म्हणजे मुलांनी स्वतः श्रद्धेची कबुली देण्याआधीच्या वर्गात प्रश्नोत्तरावली असते. एकेक आज्ञा म्हणायची आणि लगेच विचारायचं, याचा अर्थ काय? घरी पप्पा सगळ्यालाच तसं विचारतात. भाजीलासुद्धा.”

ती प्रश्नोत्तरावली मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये लिहिली, घराघरांतून मुलांना शिकवता यावी म्हणून. नंतर मी ती वाचली. सृष्टिकर्त्या देवावर विश्वास ठेवतो, या वाक्यापुढे तोच प्रश्न येतो, आणि उत्तरात ल्यूथर मोजून सांगतो: देवाने मला शरीर दिलं, आत्मा दिला, डोळे, कान, सगळे अवयव दिले, बुद्धी दिली, इंद्रियं दिली. ज्याने दिलं त्याचे आभार मानायचे, तर दिलेलं वापरायला नको का? मी ख्रिस्ती नाही, पण हे मला मनापासून पटलं. १५२४ मध्ये त्याने जर्मन शहरांच्या नगरपालांना पत्र लिहिलं होतं, की शाळा काढा, मुलग्यांसाठी आणि मुलींसाठीही. त्यात भाषा, इतिहास, संगीत, गणित सगळं मागितलं आहे, वर चांगली ग्रंथालयंही. शाखा निवडताना आपण दहावीच्या पोरांना एकच खिडकी उघडून देतो आणि बाकीच्या बंद करतो, हे आठवून मला वाईट वाटलं.

गुणांचं पाकीट सीलबंद करून दिल्यावर खाली गेटपाशी तिचे वडील भेटले. तुर्भ्याला एका कंपनीत मेंटेनन्स बघतात, रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कीबोर्ड वाजवतात. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी मुंबईत आलेले, तेव्हापासून हे इथलेच. कोपऱ्यावर चहा घेतला. लेकीपेक्षा बाप जास्त बोलका.

त्यांनी त्सीगेनबाल्गची गोष्ट सांगितली. तरंगमबाडी तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होती; तिथल्या राजाने पाठवलेला, १७०६ मध्ये तिथे पोचलेला चोविशीचा जर्मन पाळक. लहान मुलांच्या शाळेत बसून, वाळूत बोटाने अक्षरं गिरवत तो तमिळ शिकला. बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापलाच, पण ताडपत्रांवरची तमिळ पुस्तकंही जमवली, वाचली, त्यांची यादी केली. दक्षिणेतल्या देवदेवतांवर ग्रंथ लिहून जर्मनीला, हाल्लेला पाठवला. तिथले वरिष्ठ म्हणाले, तुला तिकडचा धर्म मोडायला पाठवलंय, त्याची माहिती इकडे पसरवायला नव्हे. तो ग्रंथ १८६७ पर्यंत छापला गेला नाही. “आमच्यातही दारं लावणारे होते,” ते म्हणाले. “केपलर किती श्रद्धाळू! पाळक व्हायला निघाला होता. मग म्हणाला, खगोलशास्त्रातूनही देवाचीच स्तुती होते. पण पंथाच्या अधिकृत मतांच्या एका पत्रकावर सही करेना, म्हणून ऑस्ट्रियात लिंझला त्याला आमच्याच मंडळीने प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी, नाकारलं. तरी त्याने ना चर्च सोडलं, ना ग्रहांचं गणित.”

आणि मग ते म्हणाले, “मॅडम, तुमचे सरफोजी राजे पण आमच्याच पाळकांचे विद्यार्थी!”

तंजावरचे भोसले आपल्याला ठाऊक असतात ते शहाजीराजांच्या वंशाची एक शाखा म्हणून, फार तर सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. दुसरे सरफोजी लहानपणी श्वार्ट्झ या लुथरन पाळकांच्या हाताखाली शिकले. धर्म बदलला नाही. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला तो याच राजांनी, १८०३ मध्ये. देवनागरी छापखाना काढला, वैद्यक, वनस्पती, खगोल, संगीत यांची देशोदेशीची पुस्तकं जमवली, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या. गुरू गेले तेव्हा फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. त्यात मृत्युशय्येवरच्या पाळकांचा हात हाती घेऊन राजे उभे आहेत. एका शैव मराठी राजाने लुथरन गुरूला दिलेली ही मानवंदना आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी, असं मी तिथेच म्हणून गेले.

चहा संपत आला तेव्हा बापाच्या मनातली काळजी बाहेर आली. “ही सगळ्यातच रमते. नीटची परीक्षा तोंडावर आलीय आणि ही ताडपत्रांवर वाचत बसते. काय करू?”

मी म्हटलं, भाऊ, तयारी करू दे, वेळापत्रक पाळायला लावा, पण ते वाचन काढून घेऊ नका. कोनिग डॉक्टरच होते. दवाखान्याबाहेरची झुडपं बघायला त्यांना कुणी मनाई केली असती, तर डहाळीवर आज वेगळंच नाव असतं. मुलगी शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, “मॅडम, शेंद्रीला फळं कधी येतात?”

आता येतील, मार्चमध्ये लाल होतील. आमच्या कॉलेजच्या इतिहासाच्या सरांना मी हे सगळं सांगितलं, आणि अकरावीच्या मुलांना घेऊन दोघांनी मिळून येऊरला जायचं ठरलं आहे. तीही येणार आहे, रॉटलरांवर बोलायला. सरांचं म्हणणं, आधी सरफोजी, मग झाड. माझं म्हणणं, आधी झाड. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.