निकोडीमस: ग्रॅहम काउंटीत मुळं शोधायला जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्येकडच्या ग्रॅहम काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आज अडीच हजार माणसंही राहत नाहीत. निकोडीमस या मुक्त गुलामांनी वसवलेल्या तिथल्या वस्तीत तर मोजकीच घरं उरली आहेत. पण जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून या गावची लेकरं, नातवंडं, पतवंडं इथे परततात. आम्ही मुद्दाम तेव्हाच गेलो, आणि जमेल त्याने तेव्हाच जावं असं मी सांगेन. एरवी पाच जुन्या इमारती दिसतात. त्या दोन दिवसांत गाव दिसतं.

हे गाव १८७७ साली वसलं. डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यावसायिक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी कंपनी काढून केंटकीतल्या मुक्त गुलामांना पश्चिमेकडच्या जमिनीचं आवाहन केलं. लेक्सिंग्टन, जॉर्जटाउन भागातली सुमारे तीनशे माणसं सप्टेंबरात आली. रेल्वे एलिस या गावापर्यंतच होती. पुढची पस्तीसेक मैलांची वाट बहुतेकांनी पायी काढली. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण इथे सगळ्यांना पाठ आहे. गाव कुठे आहे म्हणून त्या बघत राहिल्या, तर नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला. लोक जमिनीत खणलेल्या घरांत राहत होते. विलियानांना रडू कोसळलं. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी मांस दिलं, म्हणून अनेकजण तगले.

त्याआधी चारच वर्षं, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्या मुक्तीनंतर माणसं गेली कुठे, जगली कशी, याचं एक उत्तर मला या माळरानावर मिळालं. मराठी वाचकाने इथे यावं असं वाटण्याचं माझं कारण हेच.

आता मुळं शोधण्याविषयी. आफ्रिकन अमेरिकन घराण्याचा माग काढणाऱ्याला १८७० ही भिंत लागते. त्या वर्षीच्या जनगणनेत मुक्त झालेली माणसं पहिल्यांदा सरसकट नावानिशी आली. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत नाव मालकाचं. खाली फक्त वय, लिंग, वर्ण. वर १८९०च्या जनगणनेचे कागद आगीमुळे जवळजवळ सगळे गेलेले. तरीही निकोडीमसची कुळं सापडतात, कारण या माणसांनी सरकारी जमीन घेतली आणि जमिनीमागे कागद राहिला.

होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत, पण पाच वर्षं तिथे राहून जमीन कसल्याचा पुरावा द्यावा लागे. त्या फायलीत घर केवढं, किती एकर नांगरली, घरात माणसं किती, हे सगळं असतं. शिवाय साक्षीदारांचे जबाब. हे साक्षीदार नीट बघा: ते शेजारी असतात आणि पुष्कळदा सोयरेही. जमिनीचा पट्टा केंद्रीय भूमी खात्याच्या संकेतस्थळावर नावाने फुकट शोधता येतो. त्यावरच्या क्रमांकाने मूळ फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवायची. हे घरूनच करा. पुढचे खरेदी-विक्रीचे दस्त हिल सिटी या काउंटीच्या मुख्य गावातल्या कोर्टहाउसमध्ये पाहायचे. ते शनिवार-रविवारी बंद, म्हणून शुक्रवारी पोहोचावं.

कॅन्ससची स्वतःची १८८५ची जनगणनाही विसरू नका. माणूस कॅन्ससमध्ये कुठून आला, याचा रकानाच तीत आहे. तिथून केंटकीत मागे जाता येतं. पूर्वज यादवी युद्धात लढला असेल तर त्याची पेन्शनची फाइल मागवाच. बायकोने केलेल्या अर्जात लग्न, मुलं, कधी पूर्वीचा मालकसुद्धा नोंदलेला असतो. राज्यभर जन्म-मृत्यूची नोंद १९११पासून, त्यामुळे त्याआधीसाठी दफनभूमीतले दगड आणि जुनी वर्तमानपत्रं. गावात १८८०च्या दशकात दोन वर्तमानपत्रं निघत होती, एवढा त्याचा उत्कर्ष होता.

तो रेल्वेने मोडला. मिसुरी पॅसिफिकसाठी गावाने १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले, ती आली नाही. १८८८ साली युनियन पॅसिफिकने सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून रूळ टाकले. दुकानं उठून तिकडे बोग या गावाला गेली. तरीही काही घराण्यांनी जमीन सोडली नाही, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. याच काउंटीचे क्लार्क एडवर्ड मकेब १८८२ साली राज्याचे ऑडिटर म्हणून निवडून आले होते, हेही इथल्या माणसांकडून अभिमानाने ऐकायला मिळतं.

आधी टाउनशिप हॉलमध्ये जा. १९३९च्या या चुनखडीच्या इमारतीत राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळं सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याचं केंद्र आहे, प्रवेश विनामूल्य. तिथल्या रेंजरशी, म्हणजे खात्याच्या कर्मचाऱ्याशी, निवांत बोला. सगळ्या इमारती या खात्याच्या मालकीच्या नाहीत. सेंट फ्रान्सिस हॉटेल बाहेरूनच बघायचं. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसायला हरकत नसते. वंशजांशी बोलताना कॅमेरा आधी काढू नका. आडनाव विचारलंत की पुढचं ते स्वतःच सांगतात, कोण कोणाच्या घरात दिलेली, कोण कुठल्या शेतावर वाढलेला. वही मात्र हवी. शक्य तर १८८५च्या जनगणनेतली आडनावं आधी उतरवून न्या. माझ्या यादीवर एका आजींनी बोट ठेवून अर्धा तास नाती उलगडली.

जाण्यासाठी आय-७० महामार्गावरच्या हेज शहराहून महामार्ग १८३ने स्टॉकटन, तिथून महामार्ग २४ने पश्चिमेला, तासाभराचा रस्ता. गावात पेट्रोल नाही, जेवणाचा भरवसा नाही, सावली कमी. पाणी आणि डबा बरोबर ठेवा. मुक्काम हेजला करा आणि खोली लवकर राखून ठेवा, कारण त्या आठवड्यात परतणारी कुटुंबंही तिथेच उतरतात.