पाण्याचं दूध केलंच पाहिजे का?

सूर्यास्ताच्या वेळी पाण्याकाठी ट्रायपॉड लावलेला माणूस दिसला की तो पुढे काय करणार ते आधीच सांगता येतं. लेन्सवर टेन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश अडवणारी गडद काच, चढवणार, तीस सेकंद शटर उघडं ठेवणार आणि पाण्याचं दूध करून टाकणार. मीही करतो अधूनमधून, मजा येते, नाही असं नाही. पण हल्ली मला त्याचा कंटाळा यायला लागलाय, कारण तीस सेकंदांत सगळं पाणी एकसारखंच होऊन जातं, समुद्र काय नि तलाव काय, लाट कुठून आली, कुठे फुटली, परत जाताना कुठून वळली, सगळं पुसलं जातं आणि उरतो तो फक्त धुरकट पांढरा पट्टा.

माझा आवडता शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, आहे अर्धा सेकंद. फार तर एक. आणि तोही लाट अंगावर येताना नाही, परत जाताना. लाट किनाऱ्यावर चढते, वर येऊन क्षणभर थबकते, आणि मग मागे ओढली जायला लागते ना, तेव्हा बटण दाबायचं. समोर एखादा दगड असेल तर अजून भारी, कारण पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी फाकून खाली जातं आणि फेसाच्या पांढऱ्या रेघा दगडामागे उमटतात, मधे ओली वाळू आणि तिच्यात आकाशाचा केशरी रंग. १/८ सेकंदाला या रेघा तुटक तुटक दिसतात, दोन सेकंदांना एकमेकींत मिसळायला लागतात, अर्ध्याच्या आसपास मात्र प्रत्येक रेघ वेगळी राहते आणि पाणी कुठल्या दिशेला चाललंय तेही कळतं. अर्थात लाट जोरात ओढत असेल तर १/४ सुद्धा पुरतो आणि संथ असेल तर सेकंदभर लागतो, म्हणजे आकडा पाण्याकडे बघूनच ठरवायचा. आणि दोन लाटा कधीच सारख्या नसतात, त्यामुळे एकाच जागी उभं राहून ढीगभर फ्रेम काढाव्या लागतात, त्यातली एखादी जमते.

यासाठी टेन स्टॉप लागतच नाही. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. समजा सूर्य टेकायला आलाय आणि एफ/११ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) ला फिल्टरशिवाय १/१५ येतोय, तर थ्री स्टॉप लावला की झाला साधारण अर्धा सेकंद. टेन स्टॉप म्हणजे प्रकाश १०२४ पटीने कमी, तोच १/१५ थेट ६८ सेकंदांवर जातो. तरी नवीन माणूस सगळ्यात आधी टेन स्टॉपच विकत घेतो, का कोण जाणे. बरं, त्यातून बघितलं तर जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून फ्रेम आणि फोकस आधी पक्कं करून, फोकस मॅन्युअलवर टाकून मगच तो चढवायचा.

लांबच लांब एक्सपोजर, म्हणजे शटर मिनिटंच्या मिनिटं उघडं, मी कधी देतो, तर ढग पळत असतील तेव्हा. दोन-चार मिनिटांत ढगांचे पट्टे ओढले जातात आणि खाली पाणी सपाट झालेलं असलं की ते पट्टे उठून दिसतात, इथे दूध चालतं मला. फक्त सूर्य फ्रेममध्ये नको, कारण आकाशात सूर्य साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, म्हणजे चार मिनिटांच्या फोटोत गोल सूर्याऐवजी लांबट कॅप्सूल मिळते. तो बुडल्यावर किंवा ढगाआड गेल्यावरच हा उद्योग करावा. आणि सुरू करताना कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर जे सांगतो त्यापेक्षा थोडा जास्तच वेळ द्यावा, शटर उघडं असतानाच उजेड उतरत असतो ना. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे लांब एक्सपोजरमध्ये उमटणारे ठिपके काढणारी कॅमेऱ्यातली सोय, मी बंद ठेवतो. ते चालू असेल तर चार मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी चार मिनिटं काळी फ्रेम घेत बसतो आणि तेवढ्यात रंग गेलेला असतो. त्यापेक्षा आवराआवर करताना लेन्सला टोपी लावून तेवढ्याच वेळाची एक काळी फ्रेम घ्यायची आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये वजा करायची.

आकाश लख्ख आणि पाणी काळं, हे दुखणं तसं फार जुनं आहे. १८५०च्या दशकात गुस्ताव ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा, तेव्हाच्या काचेच्या प्लेट्स निळ्या रंगाला इतक्या संवेदनशील की समुद्र नीट आला की आकाश पार पांढरं व्हायचं. त्याने काय केलं, तर आकाशाची एक निगेटिव्ह, समुद्राची दुसरी, आणि प्रिंट करताना क्षितिजावर दोन्ही जोडल्या! त्यामुळे आज कोणी दोन एक्सपोजर ब्लेंड केले, म्हणजे एकात मिसळले, आणि बाजूचा ‘ही चीटिंग आहे’ म्हणाला की मला हसू येतं. ग्रॅज्युएटेड फिल्टरनेही (वरचा भाग गडद, खालचा पारदर्शक अशी काच) काम होतं, पण क्षितिजावर डोंगर किंवा झाड आलं की त्याचं टोक उगाच काळं पडतं, म्हणून मी बहुतेकदा ब्लेंडच करतो.

ट्रायपॉडचं मात्र ऐका. ओल्या वाळूत नुसता ठेवला तर प्रत्येक लाट पायांखालची वाळू थोडी थोडी काढून नेते आणि कॅमेरा मिलीमीटर-मिलीमीटरने खाली बसत राहतो, डोळ्यांना कळतही नाही. पाय दाबून आत रुतवायचे, एक-दोन लाटा जाऊ द्यायच्या, मगच फोटो. मधला दांडा वर काढायचा नाही, कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्याने फडफडत असेल तर काढून टाकायचा, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद. समुद्र असेल तर भरतीची वेळ आधी बघायची, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं तेव्हा तर जास्तच, कारण स्क्रीनमध्ये डोकं घातलेल्या माणसाला परतीची वाट कधी पाण्याखाली गेली ते समजत नाही.

सूर्य बुडाला रे बुडाला की बरेच जण सामान आवरायला घेतात, हे मला कधीच समजलेलं नाही. क्षितिज मोकळं आणि वर उंच ढग असतील तर खरा रंग त्यानंतर येतो, खालून उजेड लागून ढग पेटतात आणि तोच रंग पाण्यात उतरतो. विषुववृत्ताच्या जवळपास हे चटकन आटोपतं, जसजसं लांब जाल तसा संधिप्रकाश रेंगाळतो. तोपर्यंत उजेड इतका उतरलेला असतो की फिल्टर काढून खिशात टाकला तरी शटर आपसूक सेकंदावर जातं. बॅटरी मात्र जास्तीची ठेवा, लांब एक्सपोजर ती भराभर खातात. आणि खाऱ्या पाण्यात उभे होतात तर घरी गेल्यावर कितीही दमलेले असा, ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, लॉकमध्ये अडकलेली वाळू काढा, नाहीतर पुढच्या वेळी ते उघडतील याची काही खात्री नाही.